टाकीवरचे मुन्सफ

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्ड येथे दरवर्षी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये जुन्या मोटारसायकलींचा जो मोठा मेळा भरतो, त्यात शेकडो माणसे एखाद्या नॉर्टनभोवती कोंडाळे करून, कानांत प्राण आणून तिची धडधड ऐकत उभी असता, एक गृहस्थ मात्र त्या गदारोळाकडे पूर्ण पाठ फिरवून, हात मागे बांधून, पेट्रोलच्या टाकीवरील तळहाताएवढ्या बिल्ल्यासमोर कमरेत वाकलेले हमखास आढळतात. अंगात मेणकापडाचा जुनाट कोट, एका खिशात जवाहिऱ्याचे भिंग, दुसऱ्यात पेन्सिलीएवढी बॅटरी आणि मुद्रेवर वारसाहक्काच्या दाव्यात मृत्युपत्र वाचणाऱ्या न्यायाधीशाची सावध अप्रसन्नता. हे गृहस्थ एकटे नव्हेत. ती एक जातच आहे. मी त्यांना मुन्सफ म्हणतो. त्यांना ही सनद कोणी दिली याचा दाखला कोठल्याच दप्तरात नाही, परंतु त्यांचा निकाल नामंजूर करण्याची छाती असलेला मोटारसायकलमालक अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मुन्सफांच्या अधिकाराची हद्द बिल्ल्याच्या कडेपाशी संपते. इंजिन किती घनसेंटिमीटरचे, गाडी डोंगर चढते की नाही, किंबहुना ती सुरू तरी होते की नाही, या प्रश्नांना ते क्षुद्र मानतात. बिल्ल्याच्या खोलगट भागात भरलेला रंग कारखान्यातून आलेला मूळचा आहे, की मागाहून कोणी भरला, एवढा एकच वादविषय त्यांच्यापुढे चालतो.

आता, हे बिल्ले सुरेख असत हे मान्य केलेच पाहिजे. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचा जन्म १८६१ साली बंदुका बनविण्यासाठी झाला, म्हणून तिच्या निशाणीत तीन बंदुका एकमेकींस टेकून उभ्या. मॅचलेसच्या एम अक्षराला पंख. स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंटवाल्यांनी आपल्या नावापुढील एचआरडी ही तीन अक्षरे १९५० च्या सुमारास काढून टाकली, ती अमेरिकन गिऱ्हाइकाने हार्ले-डेव्हिडसन समजून घोटाळा करू नये म्हणून. ट्रायम्फच्या बिल्ल्यांना तर लोकांनीच टोपणनावे ठेवली: १९५७ चा जाळीदार बिल्ला ‘माउथ ऑर्गन’ आणि १९६६ चा ‘भुवई’. यांतील जे बिल्ले अस्सल मीनाकामाचे, म्हणजे काचेची पूड धातूवर पसरून सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत वितळविलेली असे, ते ऊन, पाऊस आणि पेट्रोल या तिघांनाही दाद देत नाहीत, आणि म्हणूनच मुन्सफांना त्यांच्यात विशेष रस नाही. जेथे काही बिघडतच नाही तेथे न्याय कशाचा करावयाचा? त्यांचा खरा जीव उत्तरकालीन ओतीव बिल्ल्यांत. जस्ताच्या मिश्रधातूचा ठोकळा, त्यावर क्रोमचा मुलामा आणि खळग्यांत साधा रंग. कृती अशी की, कुंचल्याने खळग्यात रंग सोडावा, उठावाच्या अक्षरांवर सांडेल तो चिंधीने पुसावा आणि पुढचा बिल्ला उचलावा. शुक्रवारी सायंकाळी भोंग्याकडे कान लावून बसलेल्या कोणा अनाम कामगाराच्या हातून आर या अक्षराच्या पोटात एक बुडबुडा राहून गेला असेल. त्या बुडबुड्यास आज साठ वर्षांनी जे वेदप्रामाण्य प्राप्त झाले आहे ते पाहून तो कामगार स्वर्गात संकोचाने लाल झाला असेल, आणि तो लाल नेमका कोणत्या छटेचा यावर खाली वाद चालला असेल.

पंचनाम्याची पद्धत पाहण्यासारखी असते. प्रथम बॅटरीचा झोत तिरपा टाकावयाचा, समोरून नव्हे. जुना सेल्युलोजचा रंग वर्षानुवर्षे आकसत जातो, त्यामुळे खळग्याच्या भिंतीपाशी केसाएवढी फट पडते. ती फट दिसली की मुन्सफ नाकातून एक दीर्घ श्वास सोडतात. मग रंगाचे उडणे पाहावयाचे. लाल रंग सर्वांआधी उडतो. म्हणून जी बाजू वर्षानुवर्षे शेडच्या खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिच्यावरचा लाल दुसऱ्या बाजूहून फिका असलाच पाहिजे. दोन्ही बाजू सारख्याच तेजस्वी दिसल्या तर भुवई वर चढते. नंतर स्क्रू. स्क्रूच्या खाचेवर हत्याराच्या जखमा असतील तर बिल्ला केव्हातरी उतरविलेला आहे, आणि उतरविलेला असेल तर का उतरविला, याची जबानी मालकाने द्यावयाची. बीएसएचे काही गोल बिल्ले पारदर्शक प्लॅस्टिकचे असून त्यांना रंग पाठीमागून दिलेला असे. तेथे मुन्सफांना भिंगातून प्लॅस्टिकच्या आरपार पाहावे लागते, आणि त्या समयी त्यांचा श्वास काही काळ सर्वस्वी बंद असतो.

परंतु परमोच्च क्षण तो, जेव्हा एखादा श्रद्धाळू मालक स्वहस्ते स्क्रू काढून बिल्ला उचलतो. बिल्ल्याखाली टाकीचा जो तुकडा कारखान्यातून निघाल्यापासून उन्हाला पारखा झालेला असतो, तेथे मूळचा रंग जसाच्या तसा, नुकताच लावल्यासारखा गडद राहिलेला असतो, आणि त्याच्याभोवतीची उरलेली टाकी एकाएकी म्हातारी दिसू लागते. हा देखावा मी पाहिला आहे आणि तो खरोखरच चटका लावणारा आहे. मुन्सफ मात्र तेवढ्यात खिशातून रंगपट्ट्यांची चवड काढून त्या तुकड्याशी रुजवात घालू लागतात.

निकाल देण्याची त्यांची रीत अस्सल इंग्रजी असल्याने परदेशस्थास ती सहसा उमगत नाही. रंग मूळचा असेल तर ते एकही शब्द न बोलता पुढच्या गाडीकडे जातात. हीच सर्वोच्च पदवी. मात्र एखाद्या गरीब मालकाने हिवाळ्याच्या सगळ्या रात्री खर्चून, बारीक कुंचल्याने, श्वास आवरून, कारखान्याने कधीच भरला नव्हता इतक्या सफाईने बिल्ला रंगविला असेल, तर मुन्सफ सरळ उभे राहतात, सौम्य हसतात आणि म्हणतात, “बरीच मेहनत घेतलेली दिसते आपण.” त्या वाक्यासरशी मालकाचा चेहरा जो उतरतो तो भजी आणि बिअर यांनीही सावरत नाही. नव्याने पाडलेल्या नकली बिल्ल्याच्या बाबतीत तर ते एवढेही बोलत नाहीत, “आजकाल हे मिळतात, नाही का?” एवढे पुटपुटून फाशीची शिक्षा कायम करतात.

मुन्सफा-मुन्सफांतही एकवाक्यता नाही, आणि ती असती तर मेळ्याचे निम्मे आकर्षण संपले असते. ट्रायम्फची बॉनव्हिल १९५९ साली नारिंगी आणि मोतिया करड्या रंगांत बाजारात आली, ते नारिंगी म्हणजे नेमके किती नारिंगी, यावर दोन वृद्ध सद्गृहस्थ चहा निवेपर्यंत वाद घालीत असता मी ऐकत बसलो होतो, आणि एकाने दुसऱ्यास अखेर जे विचारले ते असे: “तुम्ही तेव्हा पाहिली होती, की नंतर?” दुसऱ्याने पाहिली होती तेव्हाच, परंतु ढगाळ दिवशी. निकाल राखून ठेवण्यात आला.

घरी मुन्सफ निरुपद्रवी असतात. त्यांच्या टेबलाच्या खणात कापसात गुंडाळलेले बिल्ले सालवार लावलेले असतात आणि त्या खणाला नात हात लावू शकते, पण फडके घेऊन आलेली पत्नी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा रंग पोपडे धरून ओट्यावर गळू लागल्याची तक्रार त्या माउलीने अनेकवार नोंदविली, तेव्हा यजमानांनी भिंग लावून चौकट तपासली आणि समाधानाने सांगितले, “मूळचाच आहे, प्रिये.” खिडकी तशीच आहे.

या गृहस्थांची परीक्षा घेण्याची संधी मला एकदा आपल्या देशामुळे लाभली. रॉयल एन्फिल्डची बुलेट रेडिचहून मद्रासला आली ती १९५५ साली, आणि तिचे मूळ घर बंद पडल्यावरही ती तेथे बनतच राहिली, हे मुन्सफांना ठाऊक होते. टाकीवरच्या सोनेरी रेषा मद्रासेत हातानेच ओढतात, हेही ठाऊक होते, आणि त्याबद्दल त्यांनी आदराने मान हलविली. ठाऊक नव्हते ते एवढेच, की दसऱ्याला आम्ही गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतो आणि हळदकुंकवाची बोटे टाकीवर, बहुधा नेमकी बिल्ल्यावरच, उमटवितो. हे ऐकताच त्यांचा चेहरा प्रथम पांढरा पडला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “दरवर्षी?” मी म्हटले, दरवर्षी. “पहिल्या वर्षापासून?” मी म्हटले, गाडी दारात आली त्याच दिवशी. मुन्सफ विचारात पडले. अक्षरांच्या सांध्यांत साठलेले ते तांबडे थर मालकाने गाडीच्या पहिल्याच दिवसापासून, अखंड वहिवाटीने चढविलेले आहेत, सबब ते गाडीच्या इतिहासाचा भाग असून पुसता कामा नयेत, असा निवाडा त्यांनी दिला, आणि कुंकू नेमके कशापासून करतात याची टिपणवहीत नोंद करून घेतली.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या पडवीत आजोबांची बीएसए किंवा नॉर्टन गोणपाटाखाली उभी असेल, तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, दिवाळीच्या साफसफाईच्या भरात बिल्ल्यावर थिनरची चिंधी फिरवू नये आणि उत्साही भाच्याच्या हाती रंगाची डबी देऊ नये. इंजिन हवे तर खुशाल खोला. त्याबद्दल कोणी काही विचारणार नाही.