गोपनीय तारीख

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या दाव्यात दोन्ही राज्यांनी पाळलेल्या शिस्तीचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. बेळगाव, निपाणी, कारवारसह ८६५ गावांचा. तेव्हापासून दोन्हीकडे एकाहून एक नामांकित वकील उभे राहिले. कोणत्या तारखेला कोण हजर होते, काय बोलले, बिल किती निघाले, असले क्षुद्र तपशील निपाणीच्या तंबाखू वखारीत कष्टणाऱ्या बाईच्या कानावर मात्र जाऊ दिलेले नाहीत. उगाच तिचा जीव कशाला टांगणीला लावा? माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, अर्ज दहा रुपयांत होतो. पण ‘न्यायप्रविष्ट’ म्हटले की भलेभले अर्जदार शहाण्यासारखे घरी जातात.

आमची नम्र सूचना एवढीच, की गोपनीयता आणखी कडक करावी. पुढची तारीख खुद्द वकिलालाही कळवू नये, म्हणजे प्रतिपक्षाला बेसावध गाठता येईल. हजेरीची वही कोरीच ठेवावी. वही खरेदीचे टेंडर तेवढे रीतसर काढावे.

सीमाभागात मराठी माणसे कर्नाटकातील समावेशाच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस १९५६ पासून ठरल्या तारखेलाच पाळतात. त्यासाठी वकील लावावा लागत नाही.