पराभवाचे वतनदार

आमच्या संघाचे नाव मी या लेखात घेणार नाही. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, त्यात आदर किती आणि नाइलाज किती हे ज्याचे त्याला ठाऊक; माझ्या बाबतीत नाइलाजाचा अंश अधिक आहे, एवढे कबूल करतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका शहरात मी १९७४ साली नोकरीनिमित्त येऊन दाखल झालो आणि वर्षाच्या आतच येथील बेसबॉल संघाशी माझी सोयरीक जुळली. या प्रदीर्घ काळात त्याने मला जे सुख दिले, त्याचा समग्र वृत्तांत एका पोस्टकार्डावर मावेल आणि खाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहायला ऐसपैस जागा उरेल.

वास्तविक या जातीच्या दुःखास मी सर्वस्वी नालायक होतो. ज्या मुंबईत मी लहानाचा मोठा झालो, त्या मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. म्हणजे मला कळू लागल्यापासून पदवीचा कागद हाती पडेपर्यंत तो करंडक दुसऱ्याच्या घरी गेलेला मी पाहिलाच नव्हता. पराभव सोसण्याची सवय बालपणीच लावून घ्यावी लागते, पूर्वी देवी टोचून घेत तशी. माझ्या दंडावर तो वण नसल्यामुळे परदेशात पाऊल टाकताच मला हा रोग जो जडला, तो आजतागायत.

रोगाचे मूळ म्हणजे आमच्या शेजारी राहणारे, आता कैलासवासी झालेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी मृत्युपत्रात घर थोरल्या मुलाला आणि मैदानावरील हंगामी तिकिटांच्या दोन खुर्च्या यांना ठेवल्या होत्या, आणि आपल्यावर अन्याय झाला असे या सत्पुरुषाच्या मनातही कधी आले नाही. पत्नी निवर्तल्यावर दुसरी खुर्ची रिकामी पडली, तेथे त्यांनी मला नेऊन बसवले, आणि गुणपत्रक कसे लिहावे याची दीक्षा दिली. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, असे प्रत्येक क्षेत्ररक्षकाचे आकडे ठरलेले. फलंदाज तीन स्ट्राइकांत बाद झाला की इंग्रजी ‘के’ लिहायचा, आणि तिसरा चेंडू समोरून जात असता तो नुसताच बघत उभा राहिला असेल तर तोच ‘के’ उलटा काढायचा. आमच्या बाजूच्या रकान्यांत हे उलटे ‘के’ इतक्या दाटीने पडत, की पान पाहणाऱ्यास पेशवे दफ्तरातील एखादा मोडी कागद उघडल्याचा भास व्हावा. म्हातारबाबा नेहमी दोन पेन्सिली आणीत. दुसरी कशाला, असे मी पहिल्याच दिवशी अजाणपणे विचारले. पाहुण्यांच्या धावा लिहिता लिहिता पहिलीचे टोक झिजते म्हणून, असे त्यांनी शेंग सोलता सोलता शांतपणे सांगितले.

आता कोणीही शहाणा माणूस विचारील, की सतत हरणारा संघ सोडून का देत नाही? या प्रश्नातील ‘सतत’ हा शब्दच चुकीचा आहे. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, पैकी ८१ घरच्या मैदानावर. आणि या खेळाची घडणच अशी विलक्षण, की त्यात पूर्णपणे हरणे कोणालाच साधत नाही. २०२४ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने १२१ सामने गमावून आधुनिक काळातला उच्चांक केला, मध्यंतरी सलग २१ हरून दाखवले, तरी त्यांच्या खात्यावर ४१ विजय रुजू झालेच. म्हणजे सरासरीने दर चौथा सामना जिंकला. आयुर्वेदात चातुर्थिक ज्वर म्हणून एक ताप सांगितला आहे, जो दोन दिवस माणसास मोकळे सोडून नेमाने परततो; हरणाऱ्या संघाचा विजय हा त्याच कुळातला. तीन संध्याकाळी अपमानित होऊन मनुष्य वैराग्याच्या उंबरठ्यावर पोहोचतो न पोहोचतो, तोच चौथ्या दिवशी ही मंडळी कोणा बलाढ्य संघास धूळ चारतात, आणि पाचव्या दिवशी आपण पुन्हा रांगेत उभे.

या दृष्टीने १८९९ सालचे क्लीव्हलंडकर मला भाग्यवान वाटतात. तेथील स्पायडर्स संघाच्या मालकांनी सेंट लुईचाही संघ विकत घेऊन चांगले खेळाडू तिकडे धाडले. मागे जे उरले त्यांनी २० जिंकले आणि १३४ हरले. प्रेक्षक इतके रोडावले, की येण्याजाण्याचा खर्चही सुटेना म्हणून पाहुणे संघ क्लीव्हलंडला यायला नाखूश झाले, आणि स्पायडर्सना बहुतेक हंगाम परमुलखात जाऊन हरावे लागले. पराभव घरपोच होत नव्हता, हे सुख काय थोडे? शिवाय हंगाम आटोपल्यावर तो संघच निकालात निघाला. सुटले बिचारे!

उलट न्यूयॉर्कच्या मेट्सनी आमच्यासारख्यांचे कायमचे नुकसान करून ठेवले आहे. १९६२ साली, जन्माच्या पहिल्याच वर्षी, ते १२० सामने हरले. त्यांच्या थ्रोनबेरी नामक खेळाडूने एकदा चेंडू दूर टोलवून धापा टाकीत तिसरा बेस गाठला, तर वाटेत पहिल्या बेसला पायच लागला नाही म्हणून तो बाद. व्यवस्थापक स्टेंगल तावातावाने भांडायला निघाले, तेव्हा दुसराही राहिलाच होता, असे त्यांना सांगण्यात आले म्हणतात. येथवर सर्व यथास्थित होते. परंतु १९६९ साली याच संघाने जागतिक अजिंक्यपद पटकावले, आणि तेव्हापासून प्रत्येक हतभागी संघाचे मालक त्याच दाखल्याच्या जामिनावर तिकिटे विकत आले आहेत.

आमच्याकडे या आशेला ‘पुनर्बांधणी’ म्हणतात. चांगले खेळाडू विकून टाकायचे, कोवळी पोरे आणायची, आणि चार वर्षे थांबा म्हणून प्रेक्षकांस सांगायचे. मुंबईतील चाळींची पुनर्बांधणी ज्याने पाहिली आहे त्यास अधिक सांगणे न लगे: भाडेकरू संक्रमण शिबिरात जातो, तेथेच मुलांच्या मुंजी-लग्ने उरकतो, आणि मूळ जागेवर पाहावे तो पाया खणलेल्या खड्ड्यात पावसाळी बेडूक. मी आजवर अशा चार पुनर्बांधण्या पाहिल्या. सध्या पाचवीचा खड्डा चालू आहे.

एकदा उसने अवसान आणून मी घरी म्हणालो, “शिकागोच्या कब्जनी १९०८ नंतर एकदम २०१६ साली जिंकले. १०८ वर्षे लोकांनी धीर धरला!”

“अहो, जपमाळेतही मणी १०८ च असतात,” ही गवार मोडता मोडता म्हणाली, “आणि ते संपले की पुन्हा पहिल्यापासून!”

सप्टेंबरातील एखाद्या थंड रात्री, आठव्या डावात, आमचे मैदान पाहण्यासारखे असते. फलकावर हजेरी झळकते चौदा हजारांची, कारण ती विकलेल्या तिकिटांची, बसलेल्या माणसांची नव्हे; तलाठ्याच्या पीकपाहणीत ऊस आणि शेतात कुसळ, तशातला प्रकार. प्रत्यक्षात काही शेकडा माणसे आणि त्याहून अधिक समुद्रपक्षी, पैकी पक्षी निदान खाण्यासाठी तरी आलेले. शांतता अशी, की कोणी खोकले तर डावीकडचा क्षेत्ररक्षक वळून पाहतो. शेंगा विकणारा आम्हांला नावानिशी ओळखतो. वीस रांगा खालून तो पुडी भिरकावतो आणि मी ती बसल्या बसल्या झेलतो. आमच्या शॉर्टस्टॉपला हे कोणीतरी दाखवावे, असे म्हातारबाबा दर वेळी म्हणत.

एक दिवस मात्र आमचाही होता. साल आता नक्की आठवत नाही, पण जुलै महिना होता, आणि चौथा डाव चालू असताना आम्ही सात विरुद्ध शून्य असे पुढे होतो. म्हातारबाबांनी टोपी मागे सरकवली होती, इतका आनंद. तोच पश्चिमेकडून ढग आले आणि आपल्या कोकणात पडतो तसा पाऊस कोसळू लागला. तेव्हाचा कायदा असा, की घरचा संघ पुढे असला तरी निदान साडेचार डाव पुरे झाल्याखेरीज सामना ग्राह्य नाही. तो रद्द, धावा रद्द, फिरून आरंभापासून खेळायचे. लोक पांगले. आम्ही दोघे छपराखाली पावणेदोन तास उभे राहिलो, आणि अखेर तो सामना झालाच नाही असा फैसला जाहीर झाला. सात धावा लिहिलेले ते पान म्हातारबाबांनी कोटाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवले.

भिजलेल्या तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर आणखी एका सामन्यास फुकट प्रवेश मिळत असे. तो हक्क आम्ही सप्टेंबरात बजावला. नऊ विरुद्ध एक. सहाव्या डावात त्यांनी दुसरी पेन्सिल काढली.