कार्ड दिसतंय!

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालात की वाटेतल्या नाक्यानाक्यावर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, अर्जंट फोटो’ अशा पाट्या दिसतात. अशा दहा पाट्यांपैकी नऊंच्या मागे दुकानदार बसलेला असतो. दहावीच्या मागे पेंग्विनदादा असतो. तो ओळखायची खूण म्हणजे काचेवरचं पेंग्विनचं स्टिकर. एका आजीनं ते पाहून पिल्लं जोडीनं मिळतात की नगावर, असं विचारलं होतं. दादानं तिला खुर्ची दिली आणि पेंग्विन ज्याचं बोधचिन्ह आहे ती लिनक्स नावाची संगणकप्रणाली म्हणजे काय ते सांगितलं. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण एसटीला अवकाश होता.

बाकीच्या नऊ दुकानांत विंडोज असतं आणि ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही. दादाला मात्र चोरीच्या मालाचं वावडं. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला, ही कथा तो सत्यनारायणाच्या पोथीइतक्याच श्रद्धेनं सांगतो. प्रसाद म्हणून कटिंग मिळतो. लिनक्सचाच एक अवतार म्हणजे उबंटू. उबंटूवाले पूर्वी मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवायचे. 2011 साली ते बंद झालं. दादाकडची सीडी आजही गल्ल्यावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी असते. ती घालायला ड्राइव्ह दुकानात उरलेला नाही, पण उदबत्ती ओवाळायला ड्राइव्ह लागत नाही. एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स काढायला आलेल्या प्रत्येक पोराला तो ऐकवतो, “केरळात सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवर शिकतात, आणि तुम्ही?” पोरगं म्हणतं, “दादा, दोन कॉप्या.”

दादाचं खरं रूप पाहायचं तर मेमरी कार्ड घेऊन जावं, आणि 2019 च्या आधी जावं. हळदीचं शूटिंग उरकून फोटोग्राफर घाईनं यायचा. “दादा, एवढं पेनड्राइव्हला टाका, पाच मिनिटांचं काम.”

“बस,” दादा म्हणायचा. या ‘बस’मध्ये मुक्कामाचं निमंत्रण आहे हे जुन्या गिऱ्हाइकांना कळायचं.

कार्ड रीडरमध्ये जायचं. दादा माऊसला हात लावत नसे. काळी खिडकी उघडायची, ‘एलएसब्लॉक’ अशी आज्ञा टाइप व्हायची आणि पडद्यावर एक नवी ओळ उमटायची.

“दिसतंय!”

“मग दाखवा फोटो.”

“दिसतंय म्हणालो. वाचत नाही.”

फोटोग्राफरचा चेहरा पाहून दादा समजावायचा, “हे बघ, भातसाचं धरण आपल्याच तालुक्यात आहे ना? दिसतं ना? मग उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर का येतो? पाणी आहे, पण मधली पाइपलाइन मुंबईकडे गेली. तसं कार्ड आहे, पण आपल्याकडं यायची पाइपलाइन अजून टाकायचीय.” शहापूर तालुक्यातल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही.

पाइपलाइनीचा घोळही खराच होता. 32 जीबीपर्यंतची कार्डं फॅट-32 या जुन्या पद्धतीनं मांडलेली असतात आणि ती लिनक्सला केव्हाच पाठ होती. 64 जीबीपासून पुढची कार्डं येतात एक्सफॅट पद्धतीत. ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, त्यामुळे लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा नव्हती. वेगळं पॅकेज उतरवून घ्यावं लागे. पॅकेज एवढंसंच, पण ते उतरवायला रेंज हवी, आणि रेंज दुकानामागच्या आंब्याखाली. दादा मोबाइल उंच धरून आंब्याखाली उभा, फोटोग्राफर आत पडद्यावरची टक्केवारी ओरडून सांगतोय, आणि नव्वदीच्या घरात लाइट जाई. मग पुन्हा चहा, पुन्हा लिनस टॉरवाल्ड्स.

शेवटी कार्ड उघडायचं. तेही ‘फक्त वाचण्यापुरतं’. परक्याच्या कार्डावर आपण एक अक्षर लिहायचं नाही, हा दादाचा बाणा. फोटो निघायचे, तोवर तिकडे वरात निघालेली असायची.

वहिनी एकदा डबा घेऊन आल्या आणि हा सोहळा पाहून म्हणाल्या, “अहो, घरी मिक्सर पण दिसतोय. वाटत नाही.”

लोक तरी याच्याकडे का येतात? याचं कारण व्हायरस. गावोगाव फिरलेल्या कार्डात शॉर्टकटवाला व्हायरस शिरतो, खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी फसवे शॉर्टकट ठेवतो. विंडोजवाला दुकानदार पाहून सांगतो, “उडालं सगळं, फॉरमॅट मारू?” दादाच्या यंत्रावर विंडोजचा व्हायरस चालतच नाही आणि लपवलेले फोल्डर उघडे दिसतात. साखरपुडे, बारशी, आजोबांचा शेवटचा फोटो, सगळं जागच्या जागी.

मग 2019 साल आलं. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि नोव्हेंबरात लिनक्सच्या 5.4 आवृत्तीत एक्सफॅट दाखल झालं. दादानं यंत्र अद्ययावत केलं, कार्ड घातलं आणि खिडकी आपोआप उघडून फोटो समोर. फोटोग्राफर पाच मिनिटांत मोकळा. दादानं कार्ड काढून पुन्हा घातलं. पुन्हा उघडलं. त्या दिवशी त्यानं लवकर शटर ओढलं.

पुढे बरेच दिवस तो सातबारे छापत राहिला. लिनसचं नाव निघेना, चहाही निम्म्यावर आला. त्यातून त्याला बाहेर काढलं एका घाबरलेल्या फोटोग्राफरनं. त्यानं कॅमेऱ्यातच कार्ड चुकून फॉरमॅट केलं होतं आणि त्यात मुरबाडकडचं एक अख्खं लग्न होतं.

“त्यानंतर यावर एखादा तरी फोटो काढलास?”

“नाही.”

“मग लग्न आहे,” दादा म्हणाला. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत पानं तशीच असतात, हे सांगताना त्याच्या आवाजात जुनी धार आली. आधी त्यानं कार्डाची जशीच्या तशी नक्कल उतरवली, मग तिच्यावर फोटोरेक नावाचा फुकटचा प्रोग्राम सोडला आणि रात्रभर शेजारी बसून राहिला. सकाळी शेकडो फोटो हजर. पण फोटोरेक नावगाव विचारत नाही, सापडेल ते नंबर टाकून बाहेर काढतो. कार्डाच्या पोटात गेल्या मोसमापासूनचं जे जे उरलं होतं ते सगळं वर आलं: या नवरदेवाची हळद, दुसऱ्याच कुणाची मंगलाष्टकं, आणि मधूनमधून म्हशाच्या जत्रेतले बैल.

नवरीचे वडील दुकानात बसून एकेक फोटो पाहत होते. पन्नासाव्या फोटोला थांबून म्हणाले, “ही खिलारी जोडी आपल्या मांडवात कधी आली?” आणि थोड्या वेळानं, “कितीला गेली?”

फोटोग्राफरनं पाकीट काढलं. दादानं फक्त चहाचे पैसे घेतले. पण उपकार ठेवून घेणं काही फोटोग्राफरला जमेना. दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओतला जुना प्रिंटर टेम्पोत टाकून घेऊन आला. दादानं त्याला उलटंपालटं करून पाहिलं, वायर जोडली, काळी खिडकी उघडली आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

“दिसतोय!” तो ओरडला. “पण ड्रायव्हरच नाही कुठं याला!” आणि टपरीकडे वळून त्यानं सहा चहा सांगितले. दुकानात तो, फोटोग्राफर आणि मी, एवढेच होतो.