हायड्रोजनराव

बोल्ट तुटला की परचेसवाले म्हणतात, माल चोख होता. डिझाइनवाले म्हणतात, फिटरने जास्त आवळला. फिटर म्हणतो, ड्रॉइंगच चुकलंय. एवढ्यात लॅबमधून हायड्रोजनराव येतात आणि सगळ्यांना एकच विचारतात, "प्लेटिंगनंतर बेकिंग केलं होतंत?"

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हा गृहस्थ कुठेही भेटतो. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर. त्याचं वैर सगळ्यांत हलक्या अणूशी, हायड्रोजनशी. पिकलिंगला, म्हणजे आम्लात धुताना, आणि झिंक चढवताना हा अणू पोलादात शिरतो आणि जिथे ताण, तिथे जमतो. पोलाद जितकं कडक, तितकं त्याचं फावतं. बोल्ट आपल्या दारात तुटत नाही, गिऱ्हाइकाने आवळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुटतो. म्हणून त्याला हाकलायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल 200 अंशांच्या ओव्हनमध्ये गेला पाहिजे. ट्रक दारात उभा असो, डिस्पॅचवाला रडो, रावांना पाझर फुटत नाही.

दाखले तोंडपाठ. 1875 साली जॉन्सन नावाच्या गृहस्थाने आम्लात बुडवलेली तार मोडली आणि तुटलेलं टोक ओलं केलं, तर बुडबुडे आले! 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर 96 पैकी 32 सळ्या आवळल्यावर दोन आठवड्यांत तुटल्या! हे सांगताना चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही.

ग्रीन हायड्रोजनच्या परिसंवादात सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा राव उठले. "पाइपातला दाब रोज वरखाली होणार ना? मग फटीगचं काय?" हायड्रोजनमध्ये भेग हवेतल्यापेक्षा दहापट वेगानेही वाढू शकते. त्यातही फेरे संथ असले, तर दर फेऱ्याला ती जास्त सरकते, कारण अणूला तिच्या टोकाशी पोचायला सवड मिळते. "रोज ओरडणारा साहेब परवडला," राव म्हणाले, "महिन्यातून एकदा केबिनमध्ये बसवून हळू आवाजात बोलणारा माणूस मोडतो." त्यानंतर त्यांना परिसंवादाचं बोलावणं आलं नाही.

मध्यंतरी एका बोल्टचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. आट्याच्या मुळाशी सुरू झालेली साधी भेग, नट ढिला राहिलेला. बोल्टला झिंकसुद्धा नव्हतं. सगळे रावांकडे टक लावून बसले. त्यांनी खिन्नपणे रिपोर्टात लिहिलं, 'हायड्रोजन आढळला नाही.' सही केली. मग पेन पुन्हा उघडून खाली जोडलं, 'तपासणीपूर्वीच पसार झाला असल्याची शक्यता नाकारता येत नाही.'