सहावा साक्षीदार

आई अजून शेजारणींना सांगते, "आमचे जावई बंगळुरूला विमानं उतरवतात." दाजी तिथल्या तिथे दुरुस्ती करतात, "मी उतरवत नाही हो. भरवसा नसला की 'उतरू नका' असं वेळेत सांगायची सोय करतो."

दाजींची उभी नोकरी 'गगन'मध्ये गेली. जीपीएसच्या चुका पकडून विमानांना कळवणारी ही यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारली. उतरत्या विमानाला उंचीचंही मार्गदर्शन करायची मान्यता तिला 2015 साली मिळाली. नियम असा, की कोटी उतरणींत दोनदाच काय ती इशाऱ्याविना धोकादायक चूक खपेल, आणि बिघाड दहा सेकंदांत वैमानिकाला कळलाच पाहिजे. अशा माणसाला "जेवायला कधी येताय?" असं विचारू नये. "साडेआठ, अधिक-उणे चाळीस मिनिटं." ताई कणीक झाकून बसते. वैताग याचा, की ते त्या चाळीस मिनिटांबाहेर कधी सापडत नाहीत.

दिवस मावळला की दाजी चिडचिडे होतात. इतर पुरुषांची कारणं वेगळी असतात. यांचं कारण आयनोस्फिअर. आपल्याकडच्या आभाळात सूर्यास्तानंतर तो थर खवळतो आणि उपग्रहांचे संदेश थरथरत येतात. अमेरिकेचं गणित इथे पुरेना, म्हणून इस्रोला स्वतःचं मांडावं लागलं. दाजींचा राग मात्र अमेरिकेवर नाही, संध्याकाळवर.

त्यांचा लाडका खलनायक न्यू जर्सीचा एक ट्रकवाला. गाडी कुठे फिरते ते मालकाला दिसू नये म्हणून त्याने जॅमर लावला, आणि 2012 साली नेवार्क विमानतळावरची यंत्रणा गोंधळली. दंड सुमारे 32 हजार डॉलर. "एवढ्यात रजाच काढली असती," दाजी हळहळतात.

भाचीला स्थळ आलं तेव्हा चौकशी साहजिकच दाजींकडे गेली. "चार उपग्रह जागा सांगतात. पाचवा असला तर कुणीतरी थापा मारतंय एवढं कळतं. कोण, ते कळायला सहावा लागतो." मुलाच्या ओळखीची सहा माणसं गाठली. पाचांचं जुळलं, मुलाच्या मामांचं जुळेना. त्यांच्या मते मुलगा निर्व्यसनी, गोड गळ्याचा आणि पगार दुप्पट.

दाजींनी स्थळ पसंत केलं, मामांना हिशेबातून वगळलं, आणि तसं बैठकीत मामांसमोरच जाहीर केलं. दहा सेकंदांच्या आत.

लग्न झालं. आहेराच्या वेळी मामा सापडले नाहीत.