तोंड खाली, नट आधी

एसी गॅस खातो, ही आपल्या सोसायट्यांमधली सर्वमान्य श्रद्धा आहे. उन्हाळा लागला की माठ, पन्ह्याच्या कैऱ्या आणि एसीचा गॅस या तीन गोष्टींची घरोघरी आठवण होते. माणूस येतो, आउटडोअरला गेज लावतो, काटा पाहून चेहरा पाडतो आणि म्हणतो, “गॅस संपलाय.” आपणही “हो, वर्ष झालंच की” म्हणून मान डोलावतो. पैसे देतो. खोली गार होते. पुढच्या वर्षी तोच माणूस, तोच काटा, तोच चेहरा. फक्त रक्कम वाढलेली.

वास्तविक हा गॅस जळत नाही की झिजत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, पुढे अरुंद वाटेतून सुटताना त्याचा दाब पडतो आणि इनडोअरमध्ये आपल्या खोलीतली उष्णता पिऊन त्याची परत वाफ होते. फिरून फिरून भोपळे चौकात. पटत नसेल तर स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बघावं. आमच्या फ्रिजने दोन्ही मुलांची दहावी पाहिली, बारावी पाहिली, थोरलीचं केळवणही पाहिलं. त्यात गॅस भरायला कधी कोणी आलं नाही. कारण फ्रिजचे सांधे कारखान्यातच झाळून येतात. स्प्लिट एसी मात्र दोन खोक्यांतून येतो आणि त्याचं लग्न आपल्या भिंतीवर लागतं. दोन तांब्याच्या नळ्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे फ्लेअर केलेले सांधे चार. त्यांतले दोन खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर एक पाय टेकवून केलेले असतात. संशयित मोजून चार, तरी तपास कोणी करत नाही; दरवर्षी नुकसानभरपाई तेवढी दिली जाते.

यंदा तपास झाला, कारण आमच्या वरच्या मजल्यावर आयटीआयमधून निवृत्त झालेले एक शिल्पनिदेशक राहतात. त्यांना अख्खी बिल्डिंग ‘सर’ म्हणते. हयात रेफ्रिजरेशनच्या पोरांना शिकवण्यात गेल्यामुळे त्यांचं सामाजिक जीवन थोडं वेगळं आहे. लग्नाला गेले तर आधी हॉलच्या एसीखाली ओल आहे का ते पाहतात, मग नवरा-नवरीला. आमच्याकडे एसीवाला पोरगा आला आणि त्याची शिडी लिफ्टमध्ये अडकल्याचा आवाज ऐकून सर खाली उतरले.

“काका, गॅस मारावा लागेल,” पोरगा मला म्हणाला.

“गेला कुठे?” सरांनी विचारलं.

“कोण?”

“गॅस.”

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. “हवेत गेला असेल,” पोरगा म्हणाला.

“कुठून?”

या प्रश्नाला व्यवसायात सहसा जागा नसते. पण सरांनी आमच्याच मोरीतला भांड्यांचा साबण पाण्यात कालवला आणि ब्रशने चारही नटांवर लावला. आउटडोअरच्या मोठ्या नळीच्या नटावर, म्हणजे चार सुताच्या, आपण जिला अर्धा इंच म्हणतो तिच्या, एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला, परत फुगला. हिला इतका आनंद झाला की ती शेजारच्या वहिनींना बोलावून घेऊन आली.

सरांनी उरलासुरला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगितला. हवेत सोडायचा नाही: आत आर-32 आहे, एक किलो सोडला तर 675 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी हवा तापते. शिवाय तो थोडा ज्वलनशील. म्हणून त्यांनी हिला देवघरातली समई शांत करायला लावली. “एसीसाठी?” ही म्हणाली. अशा स्वरात, की देवालाही अपमान वाटला असावा. गॅस काढायचं मशीन पोराकडे नव्हतं. ते दुकानातून येईपर्यंत चहा झाला, आणि चहाबरोबर सरांचा तास.

पूर्वीच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइडसारखे विषारी गॅस असत. 1920च्या दशकात बर्लिनमधलं एक कुटुंब फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने झोपेत मेल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली. तो हादरला. लिओ झिलार्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून त्याने हलता भागच नसलेला फ्रिज काढला. म्हणजे गळायला सीलच नको. 1930 साली दोघांना अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालं. सापेक्षतावाद मांडणाऱ्या माणसालासुद्धा गळका सांधा नीट करण्यापेक्षा सांधाच काढून टाकणं सोपं वाटलं, हे ऐकून पोराचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

त्याच सुमारास अमेरिकेत टॉमस मिजलीने फ्रिऑन आणला. 1930 साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीभर ओढला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली: बघा, विषारी नाही, पेटतही नाही. तो ओझोनच्या मुळावर उठतो हे कळायला अर्धं शतक जावं लागलं, आणि 1987 मध्ये माँट्रियलला त्यावर करार झाला. माझ्या मते मात्र मिजलीने आपल्या मध्यमवर्गाचं वेगळंच नुकसान केलं. सल्फर डायऑक्साइड गळला की घरातली माणसं खोकत बाहेर पळत. गळतीला गळतीच म्हणावं लागे. नवा गॅस वास न सोडता, कुणालाही न दुखवता निघून जातो. अशा सज्जन गळतीला ‘संपला’ म्हणून खपवणं सोपं.

मशीन आलं, गॅस निघाला, नट उघडला. आटे पांढऱ्या टेपने गुंडाळलेले! नळाला लावतात तीच टेप. सरांनी चष्मा काढून पुसला. फ्लेअरमध्ये आटे गॅस अडवतच नाहीत. तांब्याचं 45 अंशांत उमललेलं तोंड पितळेच्या तशाच उतारावर बसतं, आणि नट त्या दोघांना एकमेकांवर दाबून धरतो, एवढंच त्याचं काम. टेप लावली की नट घसरत घसरत गरजेपेक्षा पुढे जातो आणि तोंड चिरडतं. तेच झालं होतं. कडेला केसाएवढी चीर होती.

“कापा,” सर म्हणाले.

पोराने कटर चढवला आणि दोन फेऱ्यांत काम उरकायच्या बेताने आवळला. सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. थोडं आवळायचं, पूर्ण फेरी, परत थोडं. घाई केली की नळी चेपते आणि आतली कड दुमडते. मग ती कड रीमरने काढायची. आणि इथे सरांचा आवाज वर्गातला झाला: “तोंड खाली!” नळीचं तोंड जमिनीकडे धरून खरवडायचं, म्हणजे तांब्याचा कीस खाली पडतो, आत नाही. आत गेलेला कीस कॉम्प्रेसरच्या दारापर्यंत जाऊ शकतो. खरवडायचंही बेताने, नाहीतर कड पातळ होते.

आता फ्लेअर. पोराने ब्लॉक उचलला आणि थांबला, कारण सर काही न बोलता त्याच्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, “नट?” नट आधी नळीवर सरकवायचा असतो. फ्लेअर झाल्यावर तो जात नाही. केलेलं तोंड कापून पहिल्यापासून सुरुवात. सरांच्या अंदाजाने त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी नटाशिवाय सुंदर फ्लेअर केलेला आहे.

ब्लॉकच्या वर नळी किती ठेवायची, यावर खरा हात कळतो. नव्या गॅसच्या टूलमध्ये जवळजवळ शून्य ते अर्धा मिलिमीटर, जुन्या टूलमध्ये थोडी जास्त. कमी ठेवली तर तोंड खुजं, जास्त ठेवली तर नटाला अडतं. सरांनी शंकूवर तेलाचा थेंब टाकला आणि मूठ पोराच्या हातात दिली. तांबं धोत्र्याच्या फुलासारखं उमलत गेलं. आतली बाजू आरशासारखी, कड सगळीकडे सारखी. पोराने मोबाइलवर फोटो काढला.

मग बसवणं. तोंडाच्या आत तेलाचा एक थेंब, आट्यांवर नाही. नट पहिले काही वेढे फक्त बोटांनी. बोटांना अडला तर नळी तिरकी आहे असं समजायचं. पुढे दोन पाने: एकाने बूड धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. सरांनी वरून टॉर्क रेंच आणला होता. चार सुताला 50 ते 60 न्यूटन-मीटर, दोन सुताला 14 ते 18. पोराला हे आकडे अपमानास्पद वाटले. घट्ट म्हणजे अंगातला सगळा जोर, असं त्याला उस्तादाने शिकवलेलं. मलाही ते खोटं ठरलेलं आवडलं नाही. आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडण्यासाठी मला बोलावतात, तेवढीच माझी किंमत आहे. पण रेंच ‘टक’ वाजला आणि सरांनी हात काढला. 30 अंशांच्या दुपारी, एसी बंद असतानाही आत साधारण 18 बार दाब असतो, मोटारीच्या टायरात सव्वादोनच्या आसपास. तो दाब या टकवर थांबतो.

मग नायट्रोजन भरून पाहिला, साबण लावला, एकही बुडबुडा नाही. व्हॅक्यूम पंप लावला. शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस.

जाताना सरांनी एक नियम सांगितला आणि घरात नवा वाद पेटवून गेले. इनडोअरचा सांधा उघडला की जुनं तोंड परत वापरायचं नाही. कापून नवं करायचं. म्हणजे एसी उतरवला, चढवला की नळी तेवढी आखूड. हिला पलंग दुसऱ्या भिंतीला हवा आहे, गेली कित्येक वर्षं. फिटरने आमच्या नळीत एक वेढाही शिल्लक ठेवलेला नाही, आणि नळी फुटावर विकतात. तिने टेप घेऊन मापं घेतली, कागदावर आकडेमोड केली आणि वर जाऊन सरांना विचारून आली की पलंगच कापला तर चालेल का.