मौनी प्रोसेसर महाराजांना अनावृत पत्र

शुक्रवार पेठ, सोलापूर

श्री. रा. रा. एक्सएसएलटी प्रोसेसर यांसी, सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात आपण माझी फार लाज राखलीत. टॉवेलच्या ऑर्डरींची यादी नगांप्रमाणे चढत्या क्रमाने लावायची होती. हे आकडे आहेत हे कळावं म्हणून स्टाइलशीटमधल्या 'सॉर्ट'ला 'डेटा-टाइप' हे अ‍ॅट्रिब्यूट द्यायचं, तर मी मधला हायफन खाल्ला आणि 'डेटाटाइप' लिहिलं. आपण ते पाहिलंत. पण चारचौघांत कशाला बोला, म्हणून गिळलंत. मग आकड्यांना अक्षरं समजून यादी लावलीत: १०००, २००, ५०. व्यापाऱ्याने ती चष्मा पुसून दोनदा वाचली. म्हणाला, "ओ साहेब, हजार दोनशेपेक्षा लहान कधीपासून झाले?"

कायदा आपल्याच बाजूने आहे म्हणा. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० शिफारशीत अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट ही चूकच. पण पोटनियम असा की, स्टाइलशीटने आपली आवृत्ती १.० सोडून दुसरी सांगितली, तर ते अ‍ॅट्रिब्यूट पुढच्या काळातलं असेल असं समजून सोडून द्यायचं. आणि मी हौसेने वर २.० लिहून ठेवलेलं! कुठल्याशा नव्या फाइलीतून उचललेलं, दुसरं काय. आपण १.० चे, मला भविष्यवेत्ता समजलात.

तीच फाइल एका मित्राच्या २.० प्रोसेसरला दिली. त्याने ओळ क्रमांकासकट 'एक्सटीएसई००९०' तोंडावर फेकलं, म्हणजे या एलिमेंटला हे अ‍ॅट्रिब्यूट चालत नाही. उद्धट आहे, पण दोन मिनिटांत हायफन सापडला.

आमच्या शेजारी यंत्रमाग चालतो. बाण्याचा धागा तुटला की खटकन थांबतो. कामगार येतो, धागा जोडतो, पुन्हा खडखडाट सुरू. जकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकलं तर मात्र माग थांबत नाही. मोराची चोच प्रत्येक चादरीवर तितक्याच इमानदारीने वाकडी उतरते. आपण या दुसऱ्या खात्यातले.

सोडून द्यायचं ते खुशाल द्या, पण जाता जाता 'अमुक ओळीतलं डेटाटाइप ओळखलं नाही' एवढं तरी पुटपुटा. पोटनियम त्याला आड येत नाही.

आपला,
हायफनखाऊ

ता. क.: हायफन घातला, आवृत्ती १.० केली. आपण लगेच ओरडलात: सत्तेचाळिसाव्या ओळीत 'सिलेक्ट'चं स्पेलिंग चुकलंय. हे कधीपासून माहीत होतं?